गेरूतला ‘न’

मे १९८८. दुपारचे तीन. एरंडोलच्या अलीकडच्या फाट्यावरचा डाकबंगला.

अभिमन पाटील तिथे पोचला तेव्हा अंगाची लाही होत होती आणि डोक्यात राग होता. फाट्यावरच्या मोगलकालीन मशिदीची पूर्वेकडची भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पडणार होती. रस्ता रुंद करणारं खातं म्हणत होतं, भिंत स्वातंत्र्यानंतरची, म्हणजे अतिक्रमण. गाव म्हणत होतं, मशिदीइतकीच जुनी. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या अभिमनला कुणीतरी सांगितलं, की बंगल्याच्या जेवणघरात त्या मशिदीचं जलरंगातलं चित्र आहे, एका गोऱ्या साहेबानं १८४३ साली काढलेलं. त्यात भिंत दिसली, की खातं उघडं पडलं!

येताना त्यानं भिंत पाहून घेतली होती. तिच्यावर गेरूनं हातभर अक्षरं होती: ‘पाडने’. ती आदल्या दिवशी लिहिणारा खात्याचा मुकादम भिकन गावचाच. आपल्या साहेबाची नजर चुकवून तोही बंगल्यावर आला होता.

“एवढं मोठं खातं, आणि ‘ण’ लिहिता येत नाही?” अभिमननं त्याला डिवचलं.

“मास्तरनी हात सुजाडा भाऊ, तरी मन्हा ‘न’ना ‘ण’ व्हयना नही.”

म्हातारा खानसामा चिंधाआबा हसला. त्यानं कपाटामागून तसबीर काढली आणि उपरण्यानं काच पुसली. घुमट, हौद, चिंचेची सावली. आणि भिंत. कोनाड्यांसकट अख्खी भिंत!

“सापडले खातेवाले!” अभिमननं भिंग काढलं आणि तारीख वाचली. भिंग हळूहळू भिंतीवरून सरकलं. मग थांबलं.

“आबा... या तसबिरीला कुणी हात लावला?”

“कोन्ही नही. मन्हा बाप आठे खानसामा व्हता, त्या वखतनी शे.”

भिंगाखाली, मुंगीएवढी, तांबडी अक्षरं होती. पाडने.

भिकन वाकला.

“भाऊ... हाई मन्हं अक्षर शे.”

पाठीमागचा खाकी कागद पिवळा पडून लाकडाला चिकटलेला होता, कुठेही न फाटलेला. अभिमननं तो चाकूनं कापला. त्या रखरखत्या दुपारी खोलीत ओल्या गेरूचा वास पसरला, नुकत्याच कालवलेल्या. चित्राला बोट लावलं, तर कोरडं.

“तितलं कापी टाका, न् बाकीनं छापा,” चिंधाआबा पुटपुटला. “नहीतर खोटं म्हंतीन.”

खरंच होतं. कालचा शब्द असलेलं दीडशे वर्षांचं चित्र कोण खरं मानणार? आणि उद्या दहाला भिंत जाणार.

“पुरावा कातरायला मी खात्यात नोकरीला नाही, आबा.”

सकाळच्या अंकात पहिल्या पानावर चित्र आलं, अक्षरांसकट. बोभाटा झाला, तेव्हा खात्यानं पाडकाम पुढं ढकललं आणि चित्र बनावट ठरवून कोर्टात धाव घेतली. कोर्टानं चित्र तपासणीला धाडलं आणि तोवर भिंतीला हात लावू नका म्हणून बजावलं. खात्यानं स्वतःच्याच हातानं भिंत वाचवली.

अहवाल आठ महिन्यांनी आला. कागद जुना, रंग जुने, तांबडाही जुना. शेवटी तपासनिसानं एक ओळ जोडली होती. तिचा खुलासा अभिमननं खात्याला, कोर्टाला, खुद्द तपासनिसाला पत्रं पाठवून मागितला. सहा वर्षांत एकाचंही उत्तर नाही. ती ओळ अशी: तांबडी अक्षरं भिंतीच्या रंगावर नाहीत, खाली आहेत, आधी अक्षरं लिहिली गेली, भिंत त्यानंतर रंगवली.