रबरी व्हॉल्ववरची चांदी

“रबरी व्हॉल्ववर जड काही लावू नका हं,” तालाय म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं.

डोंगरातल्या कोचकोर गावच्या दूध केंद्रात मी दूध तपासायचे. उन्हाळा लागला की मोटरसायकल काढून वरच्या कुरणांवर जायचं, तंबूतंबूतून नमुने गोळा करायचे. त्या दिवशी सोनकुलच्या चढावर माझं मागचं चाक बसलं. चहूकडे नुसतं गवत, डोक्यावर घार, आणि मी टायरला लाथा घालत उभी… तेवढ्यात मागून एक मोटरसायकल येऊन थांबली.

“लाथ मारून बरं झालेलं जनावर मी अजून पाहिलं नाही,” उतरणारा म्हणाला.

तो पशुवैद्य निघाला, हाच तालाय. मेंढ्यांना लस टोचत याच कुरणांवर हिंडायचा. त्याने टायरवर खिळा शोधला, सापडला नाही. मग व्हॉल्व बोटाने हलकेच वाकवला, तर मुळाशी भेग उघडली आणि हवा फुसफुसली. त्याच्या पेटीत लशींच्या शेजारी दोन नवे व्हॉल्व होते, एक रबरी, एक धातूचा. रबरी ओढला की बसतो, पण वाकतो आणि काही वर्षांनी मुळाशी चिरतो. धातूचा नटाने बसतो, वाकत नाही. हे सगळं तो मला पेशंटच्या मालकाला सांगावं तसं सांगत होता.

“कुठला घालू?” त्याने विचारलं.

“तुमच्या गाडीला कुठला आहे?”

“रबरी. दोन्ही चाकांना.”

“मग मलाही रबरीच.”

“औषध पेशंटने निवडायचं नसतं,” म्हणत त्याने धातूचा घातला. होता तेवढा एकच. माझ्या पुढच्या चाकाचा जुना रबरीच राहिला, म्हणून मग ती ताकीद. आमच्या खोऱ्यात गाडीला चांदी लावायची हौस फार… इतकीशी चांदी ती काय ओझं करणार, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं—जरा जास्तच वेळ.

पुढे उन्हाळाभर तो दिसला की थांबायचा. हवा तपासायला, म्हणे. माझ्या चाकातली हवा कधीच उतरलेली नसायची. तरी तो गुडघ्यावर बसून मन लावून तपासायचा, आणि मी त्याच्या मानेवरचा उन्हाने रापलेला पट्टा बघत राहायचे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग कळलं, की शरदाच्या लसीकरणासाठी तो घाटापलीकडे नारिनकडे चाललाय. बर्फ पडलं की पलीकडेच अडकणार. आमच्याकडे रीत अशी की मुलाची आई येऊन मुलीच्या कानात डूल घालते. पण आधी मुलीच्या मनात असेल, तर तिने मुलाच्या घोड्याच्या लगामाला चांदी बांधायची. त्याने ती उतरवली तर नकार. ठेवली तर… आता घोड्यांच्या जागी गाड्या आल्या, म्हणून चांदी व्हॉल्वच्या टोपणावर आली. आजीच्या लगामातलं चांदीचं बोंड मी सोनाराकडून टोपण करून घेतलं. निघायच्या दिवशी तो आमच्याकडे चहाला आला. आईने त्याला तिसरी वाटी ओतेपर्यंत मी बाहेर जाऊन त्याच्या पुढच्या चाकाला ते फिरवून बसवलं. तो निघाला, चाकाकडे बघितलंच नाही. की बघितलं?

मी केंद्रावर आले आणि दुधाच्या नळ्या यंत्रात लावल्या. यंत्र फिरू लागलं तशा लोंबत्या नळ्या बाहेरच्या बाजूला ओढल्या जाऊन आडव्या झाल्या. जितका वेग, तितक्या ताठ… आणि मी यंत्र बंद केलं. तसंच ते बोंडही वेगात बाहेर ओढलं जाणार. रबराचं मूळ दर फेऱ्याला वाकणार, चिरणार. पुढचं चाक, घाटाची उतरण, आणि हवा एकदम गेली तर—

फोन लागेना. घाटात लागतच नाही. मी दुकानात धावले, धातूचा व्हॉल्व मागितला. दुकानदाराने विचारलं, भोक केवढं, सरळ की वाकडा. त्याच्या रिमचं भोक माझ्या रिमएवढंच, हे मला ठाऊक होतं. वाकडा घेतला, म्हणजे ब्रेकची चकती आड न येता पंप पोचतो. निघाले. वर ढग काळे होत गेले, मग गारा. प्रत्येक वळणावर आधी कडेखालची दरी बघायचे, मग रस्ता.

घाटाच्या अलीकडे तो दिसला. गाडी ढकलत होता, भिजलेला, धापा टाकत.

“पंक्चर?” मी गाडी थांबवत विचारलं.

“नाही.”

“मग ढकलतोयस का?”

“पहिल्याच चढावर टोपण चमकताना दिसलं. एवढ्या ओझ्यानं गाडी चालवली तर व्हॉल्व चिरणार.”

“अरे, मग टोपण काढायचं. दोन बोटांचं काम.”

“काढलं असतं तर नकार झाला असता,” तो म्हणाला. “इथे बघायला कोणी नसलं म्हणून काय झालं?”

मी रडले, हसले, काय केलं आठवत नाही. मग त्याच गारांत आम्ही त्याचं चाक उतरवलं. माझ्या गाडीचा स्टँड त्याच्या टायरवर टेकवून मी भार दिला, टायरची कड रिमपासून सुटली. टोपण मी स्वतः काढून घेतलं, मग त्याने रबरी व्हॉल्व कापून काढला. धातूचा आतून घालून नट मी आवळला, बेतानेच, नाहीतर खालचं वॉशर चिरडतं. पंपाने कड फट्कन बसली. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही.

चांदी मुठीत धरून मी उभी होते.

“मी त्या बाजूला बघतो,” तो म्हणाला. “पुन्हा विचार करायचा असेल तर कर.”

मी विचार केला नाही.

आज आमची बेगिमाय झोळीत झोपलीय, आणि तिचा बाप सकाळपासून घाटात आहे. फोन लागत नाही. खिडकीतून वरचे ढग दिसतायत. तुम्ही त्या बाजूने उतरत असाल, आणि गाडीला लशींची पेटी लावलेला तालाय नावाचा पशुवैद्य भेटला, तर जरा थांबा. जेवलास का, विचारा. हातपाय धड आहेत ना, ते नीट निरखून बघा. आणि मी विचारायला लावलं, हे मात्र त्याला सांगू नका.