रोगप्रीतिकारक

बारा वर्षं झाली, तरी त्या दुपारची आठवण निघाली की डॉक्टरबाईंना हसू आवरत नाही. छापखान्याचा शिपाई रजेवर होता, म्हणून प्रूफ तपासणारा स्वतःच कागद घेऊन आला आणि बुटांसकट थेट प्रयोगशाळेत शिरला.

"बाहेर!" ती ओरडली.

"जातो... पण आधी एक सांगा. पेशंटच्या माहितीपत्रकात तुम्ही लिहिलंय, 'आम्ही तुमच्या मूळ पेशी मारणार.' मूळच्याच मारल्यावर माणसात उरणार काय?"

तिने कागद ओढून घेतला. 'मूळपेशी' हा शब्द तिने तोडून लिहिला होता आणि 'कर्करोगाच्या' हे तर राहूनच गेलं होतं. हे वाचून कोण नव्या उपचाराच्या चाचणीला तयार झालं असतं? ती चांगलीच खजील झाली.

मग बाहेरच्या बाकावर बसून तिने त्याला समजावलं. औषधांनी गाठ विरते, पण कर्करोगाच्या मूळपेशी दबा धरून बसतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. शरीरातल्याच रोगप्रतिकारक पेशींना त्या ओळखायला शिकवायचं, यासाठी हा सगळा खटाटोप.

"म्हणजे पोलिसांना चोराचा फोटो दाखवायचा!"

"अगदी! हेच लिहू का?"

"लिहा की. फक्त 'पोलीस' नीट लिहा."

दुसरं प्रूफ घेऊनही तोच आला. शिपाई केव्हाच कामावर रुजू झाला होता, हे तिला नंतर कळलं. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणायचे आणि तो आला की मुद्दाम तिच्याकडे बघायचे. किती भाबडे दिवस होते ते!

तिसरं प्रूफ शेवटचं. त्यावर सही झाली की त्याचं येणं संपणार, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

वाचता वाचता तो थांबला. "'रोगप्रीतिकारक'? आधी दोन्ही वेळा बरोबर होतं."

तिचे कान तापले. "मीच केली चूक... मुद्दाम. चौथं प्रूफ निघावं म्हणून. तुम्ही परत यावं म्हणून."

तो हसला नाही. "पेशंट या कागदाची वाट बघतायत, डॉक्टर. यात चूक ठेवता येणार नाही." त्याने शब्द दुरुस्त केला, 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केली आणि निघून गेला. ती अगदी रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. हातात एकही कागद नाही.

"आज... काय काम काढलंत?"

"काम काही नाही," तो म्हणाला. "तुला भेटायला आलोय."