दादांच्या नकाशाची घडी

नकाशा सापडला, दादा सापडले नाहीत.

तळ्याच्या काठावर चपलांची जोडी होती आणि तिच्याखाली नकाशा दाबून ठेवलेला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी तो होता तसाच आणून भूगोलबाईंच्या हातात दिला. बाईंचा थोरला भाऊ कालपासून बेपत्ता, आणि चपलांची तोंडं पाण्याकडे. गाव काय समजायचं ते समजलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून या भावाबहिणीला एकच वेड होतं. जुने मोजणीचे नकाशे घ्यायचे आणि गाव पायाखाली घालायचं. कुठली वाट बुजली, कुठला पाणवठा आटला, कुठली वस्ती उठली. लोक त्यांना मेलेल्या गावाचे पोस्टमन म्हणायचे. दादांचा हा नकाशा तर सगळ्यांत जुना, धरणाचा पहिला दगडही पडला नव्हता तेव्हाचा.

"त्यांनी जिवाचं काही बरंवाईट..." इन्स्पेक्टर चाचरले.

"दादा? त्यांना आंघोळीलासुद्धा गार पाणी चालत नाही." बाईंनी थट्टा करून पाहिली.

त्यांनी घडी उलटसुलट करून पाहिली आणि न उघडताच नकाशा पिशवीत ठेवला.

"दादांना शेवटचं कोणी पाहिलं?"

"वखारवाल्या शेठनी."

लाकडाची वखार ओढ्याच्या दोन वळणांमध्ये होती. इन्स्पेक्टर आणि हवालदार पुढे, मागे बाई आणि मावशी. मावशींचा नवरा या वखारीत भागीदार होता. एक दिवस शेठजवळ निरोप ठेवून तो परदेशी गेला तो गेलाच. त्याचं नाव निघालं की मावशी अजूनही बोटं मोडायच्या.

आत करवत कानठळ्या बसवत होती. कालपासून ती थांबलीच नव्हती, असं एक कामगार कुरकुरला. मोठी ऑर्डर आहे, शेठ म्हणाले.

"दादा इथे आले होते?" बाईंनी ओरडून विचारलं.

"आले होते ना. उभ्या उभ्याच बोलले."

"काय म्हणाले?"

"नकाशा उघडला, तळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, आज इथे जाऊन बसतो. मला काय ठाऊक बाई, मनात असलं काही आहे ते!"

"बोट नक्की तळ्यावर होतं?"

"अहो, एवढं मोठं निळं तळं! ते काय लपणार आहे?"

बाईंनी करवतीकडे पाहिलं. आपण चुकत असलो तर हसं होईल. पण बरोबर असलो, तर दादा या क्षणी कुठे आहेत? त्या वळल्या.

"इन्स्पेक्टरसाहेब, आधी ती करवत बंद करायला लावा."

करवत थांबली. बाईंनी नकाशा मेजावर पसरला.

"दाखवा शेठ. तळं दाखवा."

शेठचं बोट नकाशावर फिरलं. शेतं, एक वस्ती, ओढा. बोट फिरत राहिलं.

"सापडणार नाही," बाई म्हणाल्या. "तळं धरणाचं आहे आणि नकाशा धरणाच्या आधीचा. दादांनी तळ्यावर बोट ठेवलंच नाही, आणि तुम्ही हा नकाशा कधी उघडलाच नाही. त्यांच्याकडून घेतला तसाच, चपलांसकट, काठावर नेऊन ठेवलात."

"काहीतरीच काय बोलता!"

"न उघडता ठेवलात, म्हणून दादांनी घातलेली घडी तशीच राहिली." बाईंनी जुन्या मोडींवर नकाशा पुन्हा दुमडला. "दादांची एक रीत आहे. जिथे जायचं, तो तुकडा वर ठेवायचा. बघा, काय वर आलंय. ओढ्याची दोन वळणं, आणि मधली ही खूण चुनाभट्टीची. जमिनीत खोल खणलेली असायची ती. तळ्याकडे नाही शेठ, ते इथेच यायला निघाले होते."

"पण एका जुन्या भट्टीसाठी कोण माणूस गायब करेल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"ते मला नाही ठाऊक. आधी जमीन बघा हो, लवकर!"

शेठ दाराकडे सरकले. हवालदाराने त्यांचा दंड धरला.

कोपऱ्यातल्या फळ्यांच्या ढिगाखाली लोखंडी झाकण निघालं. ते उचललं तसा थंड, कुबट वास वर आला. आत मिट्ट काळोख होता.

"दादा!" बाईंनी हाक मारली.

काहीच नाही.

"दादा, मी आलेय!" त्या आता रडतच होत्या.

खालून कोणीतरी खोकलं.

दोर सोडून त्यांना वर काढलं. अंगभर चुना, पाय मोडलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला.

"मी नुसतं म्हणालो, भट्टी बघायचीय. यानेच झाकण उघडून दाखवलं, आणि चपला काढून, नकाशा बाजूला ठेवून मी वाकलो तसं मागून ढकललं गं. खाली पडल्यावर कळलं, का ते." ते धापा टाकत होते. "मी एकटा नव्हतो तिथे. अंधारात हाताला हाडं लागली माणसाची. कंबरेच्या पट्ट्याला बक्कल आहे, घोड्याच्या तोंडाचं."

बक्कल मावशींच्या ओळखीचं होतं. शेठनी मान खाली घातली. भागीदार परदेशी गेलाच नव्हता, हे आता कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

मावशी शेठकडे वळल्याही नाहीत. त्या भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसल्या आणि आत वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुम्हालाच शिव्या घालत होते हो."