रंग वाळला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नवीन रंगवलेल्या घरात झोपायला मी नको म्हणतो, ते म्हातारा भितो म्हणून नाही. मला त्या वासाचं काही नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण आमच्या पुट्टी रंगाऱ्याच्या बाबतीत जे झालं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि पुट्टी पदरचं घालून सांगणारा माणूस नव्हता.

भिंतीला केवढीही भेग असो, "पुट्टी भरली की झालं," म्हणायचा, म्हणून ते नाव. कारागीर सोन्यासारखा. खोटं बोलायचा तर एकच, जे आपण सगळेच बोलतो. गिऱ्हाइकाने विचारलं, रंग वाळला का, तर आपण काय म्हणतो? अजून ओला आहे, उद्या या. खडखडीत वाळला असला तरी. नाहीतर लोक त्याच दिवशी कपाटं घेऊन घुसतात, भिंत खरवडतात, आणि परत हात आपल्यालाच मारावा लागतो. हसू नका, तुम्हीही परवा तेच सांगितलंत.

तर गेल्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरातला तिसरा गुरुवार. गल्लीच्या टोकाला एक बैठं घर, दोन खोल्यांचं. मालक म्हणजे चाळिशीचा साहेब, चकचकीत बुटांचा. म्हणाला, "दादा, रविवारी घर घेणारे बघायला येतायत. तोवर आटपा. घर रिकामंच आहे, रात्री इथेच पडलात तरी चालेल." पुट्टीला बरंच झालं, येण्याजाण्याचा त्रास वाचला. आतली खोली त्याने संध्याकाळपर्यंत उरकली. फिका पिस्ता रंग. डबा घट्ट बंद केला, ब्रश धुतले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली.

पावणेदोनला दार वाजलं. वाजलं म्हणजे ठोठावलं नाही. आतल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून नखाने वाजवतात ना, तसं. मग हळू आवाज आला.

"रंग वाळला का हो?"

पुट्टी अर्धवट झोपेत. सवयीने बोलून गेला, "अजून ओला आहे. उद्या या."

"बरं."

एवढंच. मग चपला घासत गेल्याचा आवाज आणि छातीतून शीळ निघावी तसा खोकला. पुट्टीने कूस बदलली. एवढ्या रात्री कोण रंगाची चौकशी करतं, हे त्याच्या डोक्यात सकाळी दात घासताना आलं.

समोर एका बाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. पुट्टीने त्यांना सहज विचारलं, "मावशी, रात्री कोणी म्हातारबुवा फिरतात का इथे?"

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. "काय म्हणाले?"

"रंग वाळला का विचारलं."

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "साहेबाचे वडील ते. गेल्या साली वारले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारा शाळेत शिपाई होता. बायको गेली तेव्हा पोरगा चार वर्षांचा. रात्री दचकून उठायचा, तर बाप पाठीवर थोपटत बसायचा, झोप लागेपर्यंत. पोराला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पोरगा शिकला, साहेब झाला, लांब राहायला गेला. एक दिवस गाडी घेऊन आला आणि म्हणाला, बाबा, घर रंगवून घेतो. तुम्हाला दमा, वास सोसायचा नाही. आठ दिवस वृद्धाश्रमात राहा, रंग वाळला की न्यायला येतो.

"रंगारी कुठला येतोय," बाई म्हणाल्या. "साहेबाने कुलूप घातलं ते घातलं. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, तीन वर्षं रंग काही वाळेना. म्हातारा दर रविवारी फोन करायचा, आणि हा म्हणायचा, अजून ओला आहे, बाबा."

"आणि त्यांना ते खरं वाटायचं?"

"म्हातारा काय खुळा होता? मला फोन करून विचारलं होतं एकदा. मी सांगितलं खरं काय ते. तरी विचारत राहिले. म्हणायचे, तेवढ्या निमित्ताने पोराचा आवाज ऐकू येतो."

पुट्टीचं डोकं फिरलं. गरज सरो, वैद्य मरो, हे दुनियेत चालतं, पण बापाशी? आणि आपणही काल रात्री त्याला तेच सांगून दारातून परत पाठवलं, हे तर त्याला फारच लागलं. त्याने साहेबाला फोन लावला. "आज रात्री तुम्ही इथे यायचं. नाहीतर बाहेरची खोली अशीच राहील आणि रविवारी लोकांना तीच दाखवा."

साहेब आला. पुट्टीने सांगितलं तेव्हा हसला. "दादा, थोडी जास्त झाली होती का?"

"झाली असेल. तुम्ही बसा. दार वाजलं की एवढंच म्हणायचं, वाळला बाबा, या घरात. बास. म्हातारा सुटेल."

दोघं भिंतीला पाठ न टेकता बसून राहिले. दिवा चालू होता. असल्या गोष्टींत दिवा जातो, इथे नाही गेला. चांगला लख्ख उजेड होता.

पावणेदोन.

नख वाजलं.

साहेबाचं हसू गेलं.

"रंग... वाळला का रे?"

'का रे'. काल 'हो' होतं. आज 'रे'.

पुट्टीने खूण केली, बोला. साहेबाचे ओठ हलले... आवाज नाही. पुट्टीने त्याचा दंड दाबला. बोला, साहेब. एवढंच बोला.

आणि साहेब बोलला.

"अजून... ओला आहे, बाबा."

तीन वर्षं जे बोलला तेच तोंडातून आलं. जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

बाहेरून 'बरं' आलं नाही.

चपला वाजल्या नाहीत...

मग ती शीळ. छातीतली. पण बाहेर नाही. आत. कडी तशीच लागलेली... आणि शीळ साहेबाच्या मागे.

पुट्टीला काही दिसलं नाही. शपथेवर सांगायचा. फक्त ऐकू आलं.

थप.

...थप.

...थप.

हळू. मऊ. साहेब हलला नाही. त्याचे डोळे मिटत गेले. खांदे सैल पडले. मान एका बाजूला कलली... झोपेला आलेल्या पोरासारखी.

मग थांबलं.

साहेब जागा झाला तो रडतच. उठला, दाराकडे वळला, आणि पुट्टीला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर पंजा उमटलेला. पाचही बोटं स्वच्छ. पिस्ता रंग. आतली भिंत तर कालच कोरडी झाली होती आणि डबा बंद होता. पुट्टीने सांगितलं तसा साहेबाने शर्ट ओरबाडून काढला, तिथेच टाकला आणि बनियनवर गाडीत जाऊन बसला. पुढे घर विकलं गेलं. नख पुन्हा वाजलं नाही. म्हातारा सुटला की कसं, ते कोणाला माहीत.

शर्ट पुट्टीने इस्त्रीवाल्या बाईंकडे दिला. साहेब न्यायला कधी आला नाही. मागच्या महिन्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून मी मुद्दाम वाट वाकडी केली. दोरीवर होता. बाई म्हणाल्या, दोन उन्हाळे झाले, इस्त्रीही फिरवून बघितली.

मी पंज्याला बोट लावलं.

ओला होता.