राजाला मरायची परवानगी नव्हती

डॉन दोनातोने स्वतः लिहिलेल्या ऑपेराचा शेवट तिसऱ्यांदा बदलला, तेव्हा त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मूळ शेवटात कटवाले सरदार राजाला सिंहासनावरच भोसकत आणि बायका विलाप गात. सेन्सॉरसाहेबांनी दोन्हींवर काट मारली.

"नेपल्समध्ये राजा मरणार नाही, डॉन दोनातो. आपले महाराज बघायला येतात."

"मग ड्यूक मारू?"

"ड्यूक महाराजांचेच भाऊबंद!"

आता राजा वार झेलून उठायचा आणि मारेकऱ्यांना क्षमा करायचा.

"तलवार आरपार गेलेला माणूस उठून गातो म्हणे! लोक फिदीफिदी हसतील," दोनातो करवादला. पण खेळच बंद पडण्यापेक्षा हसू परवडलं.

सकाळची तालीम. राजाचं काम धिप्पाड ओनोफ्रिओकडे होतं. वार झाला, वाद्यं थांबली. ओनोफ्रिओ जागचा हलेना.

"अरे ऊठ की! झोप लागली का?"

"उठवत नाही हो, डॉन दोनातो." त्याचा आवाज पडला होता. "मागून कोणीतरी खांदे दाबून धरतंय."

"दारू जरा कमी ढोसत जा."

पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. चौघांनी ओढला तेव्हा कुठे तो सुटला. झग्याच्या दोन्ही खांद्यांवर ओले डाग होते. सिंहासनामागे फक्त रंगवलेल्या फळ्या होत्या. दोनातोने त्या ठोकून पाहिल्या.

तेवढ्यात सेन्सॉरसाहेब तपासणीसाठी वर सज्जात येऊन बसले. दोनातोचं डोकंच फिरलं.

"आण तो मुकुट इकडे! राजा कसा उठतो ते मीच दाखवतो."

तो बसला. गादी ओली, गार होती. लाकडी तलवार छातीला टेकली. वाद्यं थांबली. दोनातो उठायला गेला.

खांद्यांवर दोन हात पडले.

"थांबा! खरंच कोणीतरी आहे!"

कोणी दचकलं नाही. बायका एकेक करून गुडघ्यांवर बसल्या आणि विलाप गाऊ लागल्या.

"ते कापलंय! बंद करा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

सज्जात सेन्सॉरसाहेब उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

ओनोफ्रिओ जवळ येऊन वाकला. दोनातोने डोळे फाडून त्याच्याकडे पाहिलं.

ओनोफ्रिओने दोन बोटांनी, हळुवारपणे, त्याच्या पापण्या मिटल्या.