न दिलेला नमुना

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी लॅबमधला इन्क्युबेटर उघडला. आत पेशींच्या तीन डिश असायला हव्या होत्या. चार होत्या.

तिन्हींवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. एक बाबांची, एक आईची, एक माझी. चौथी कोरी.

आमच्या घरात विडी-सिगारेटला कुणी शिवलं नाही. तरी आजी, काका आणि गेल्या वर्षी बाबा फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. हा धोका पिढ्यांतून कसा उतरतो, हे माझं संशोधन. नाकातून काडीनं पेशी घ्यायच्या, डिशमध्ये वाढवायच्या आणि त्यांतलं एक जनुक तपासायचं. वाढलेल्या पेशींना बारीक तंतू फुटतात, वाऱ्यावरच्या गवतासारखे हलतात. बाबांचे अजून हलतात.

धाकट्या भावानं नमुना द्यायला साफ नकार दिला होता. "एकदा कळलं ना ताई, की ते घरात मुक्कामालाच येतं. आम्हाला मूल हवंय. सुखानं राहू दे."

सरमिसळ झाली असेल, म्हणून चौथी डिश मी तपासणीला लावली. निकाल आला : पुरुष. आईबाबांचाच मुलगा. जनुकात बाबांचा दोष.

"एखादा चिरंजीव कुठे दडवून ठेवला होता का गं तुझ्या आईबाबांनी?" लॅबमधली तंत्रज्ञ म्हणाली. मला भाऊ आहे हे तिला माहीत नव्हतं. मी हसले नाही.

ती डिश मी जंतुनाशकात बुडवून टाकून दिली. दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. झाकणाला आतून वाफ धरली होती.

संध्याकाळी भावाकडे गेले.

"लॅबमध्ये आला होतास?"

"तुझ्या त्या रस्त्यानंसुद्धा जात नाही मी. का?"

"सहज."

"तुझं सहज मला माहितेय." तो माझ्याकडे बघत राहिला. "माझं काही बघितलं नाहीस ना?"

"तू नमुना कुठे दिलायस?"

"तेच म्हणतो." त्याचा चेहरा सैल झाला. "बस मग. जेवूनच जा."

वर्षाला एक स्कॅन केला, तर गाठ लहान असतानाच सापडते. परक्या माणसांना हे मी रोज समजावते. त्याच्या समोर बसून दोन वेळा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं.

आज सकाळी पाचवी डिश होती. चिठ्ठी नसलेली. मी तिला हात लावला नाही.

दुपारी भावाचा फोन आला. आवाज दबका, पण हसू लपत नव्हतं. "आईला इतक्यात बोलू नकोस हं. तू आत्या होणारेस."

मी काहीतरी बोलले. तो खूश झाला, म्हणजे चांगलंच बोलले असणार.

फोन ठेवल्यावर झाकण न काढता पाचवी डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मधोमध पेशींचा एक इवलासा ठिपका आहे. कडेचे तंतू आत्ताच हलू लागलेत.