मशीन चालू होईपर्यंत

लोहाऱ्याहून निघालेल्या एस.टी.त मुक्ता तापानं फणफणलेल्या सरूला मांडीवर सावरत बसली होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता, आणि ती लेकराला जपत होती त्याहून जास्त तो डब्याला जपत होता.

"वर ठेवा की तो," ती न राहवून म्हणाली. "लेकराचे पाय लागतील."

"लागू द्या. वर ठेवला तर धक्क्यानं बिघडंल."

"काच हाय का आत?"

"न्हाई, प्रोग्रॅम हाय. पुण्याहून आणलाय." तो हसला. "तुमच्या लेकरापेक्षा कमी रडतो, एवढंच."

खिडकीबाहेर काळी रानं भेगाळून पडली होती. जोंधळ्याची धसकटंसुद्धा जनावरांनी खाऊन संपवली होती. तरी मुक्ताला हसू आलं... आणि लगेच तिनं सरूचं कपाळ चाचपलं. हसलं की काहीतरी वाईट घडतं, असं तिला हल्ली वाटायचं.

उमरग्यात दोघंही एकाच फाटकात शिरली. तिथल्या दूध संघात नवा कॉम्प्युटर आला होता. डबा जपणारा सिद्धेश्वर तो चालू करून द्यायला आलेला कंपनीचा माणूस, बी.एस्सी. झालेली मुक्ता तो चालवायला नेमलेली. मागच्या उन्हाळ्यात विहीर खोल करताना दरड कोसळली, तीत तिचा नवरा गेला होता. ही नोकरी टिकली तरच सरू तिच्याजवळ राहणार होती. नाहीतर दीर व्यंकट पोरीला ठेवून घेणार आणि हिला माहेरी धाडणार, हे सासरी ठरूनच गेलं होतं.

मशीनच्या पूजेच्या वेळी तिला दाराबाहेर थांबवलं. आत चेअरमन तात्यारावांच्या मंडळींनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, आणि तेवढ्याच भक्तिभावानं डब्यातून काढलेल्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपीलाही कुंकवाचं बोट टेकवलं — नेमकं तिच्या उघड्या फटीत. फ्लॉपी मशीनमध्ये गेली, करकरली आणि कायमची गेली.

"बाईचा पायगुण," कुणीतरी मागं पुटपुटलं.

तात्याराव म्हणाले, "शनवारी बोर्डाची मीटिंग हाय. तवर चाललं न्हाई तर मशीन बी परत, अन् बाई, तुमची ऑर्डर बी परत."

दुसरी फ्लॉपी तोवर पुण्याहून येणं शक्य नव्हतं. मात्र सिद्धेश्वरच्या पिशवीत सगळा प्रोग्रॅम कागदावर छापलेला होता. मग ती वाचू लागली, तो टाइप करू लागला. माणसांच्या नशिबी नसलेला गारवा त्या खोलीत मशीनसाठी होता; सरू कोपऱ्यात सतरंजीवर निजायची. टँकरच्या पाण्यानं तिचं पोट बिघडलंय हे कळल्यापासून सिद्धेश्वर रोज सकाळी उकळून गार केलेलं पाणी आणून तिच्या उशाशी ठेवायचा.

"सावकाश वाचा हो. मी काय पळून चाललोय?"

"कंपनीच्या माणसांचा काय भरवसा?... लिहा. दूध, लिटर, फॅट..."

"तुमच्या आवाजात फॅटसुद्धा गोड लागतंय."

"गोड लागलं तर भेसळ असंल. पुढं लिहा."

तो इतका मोठ्यानं हसला की सरू दचकून जागी झाली — आणि तीही हसली. किती दिवसांनी!

टाइप संपलं. मग कंपाइल सुरू झालं, म्हणजे लिहिलेल्या ओळी मशीनला चालवता येतील अशा रूपात उतरवणं. मशीन चुका दाखवायचं, दोघं मिळून त्या काढायची. चुका कमी होत गेल्या तसं मुक्ताला हायसं वाटू लागलं... आणि आत कुठंतरी काहीतरी तुटूही लागलं. चुका संपल्या की हा जाणार.

शेवटी एकच अडचण उरली. कंपाइल रोज त्याच ठिकाणी अडकायचं.

"उद्या बघू," तो म्हणायचा. शुक्रवारी दुपारीही तेच म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

उद्या? उद्या तर मीटिंग! मुक्तानं मशीनचं जाडजूड पुस्तक पुढ्यात ओढलं. भराभर पानं उलटत गेली, आणि थबकली. ह्या मशीनची मेमरी निम्मीच होती. प्रोग्रॅमच्या मांडणीत मात्र मोठ्या मशीनचा आकडा तसाच राहिला होता. तिनं तो बदलला. कंपाइल सुरू झालं. अडायच्या जागेवरून पुढं सरकलं... आणि पुरं झालं. प्रोग्रॅम मशीनमध्ये बसला.

दारात सिद्धेश्वर चहाचे कप घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तिनं ते पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"...व्हय. मंगळवारपासनं."

"मंगळवारपासनं?"

"आज संध्याकाळी करणारच होतो, मुक्ताबाई. शपथ! फक्त... चाललं की मला जावं लागणार. जायचं न्हवतं. तुम्हाला सोडून..."

तिच्या डोळ्यांसमोर त्या साऱ्या रात्री आल्या. सरूला पोटाशी घेऊन, डोळे सताड उघडे ठेवून काढलेल्या.

"तुम्हाला चार दिवस जास्त मिळाले," ती हळू म्हणाली. "अन् मी रोज मनातल्या मनात माझी लेक व्यंकटरावांच्या हवाली करत होते."

त्यानं कप टेबलावर ठेवले.

"माझं चुकलं. लई चुकलं."

"एकदा विचारायचं होतं मला. मी म्हटलं असतं — थांबा. सगळ्यांसमोर म्हटलं असतं."

"आता?"

ती उत्तर द्यायला वळली. पण बाहेर तात्यारावांची चाहूल लागली, आणि सतरंजीवर सरूनं कूस बदलली. मुक्तानं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"आता साहेबांना सांगा, मशीन चालू झालं म्हणून," ती म्हणाली. "अन् संध्याकाळची गाडी धरा."